समुद्राकाठच्या विहिरीवर टीडीएस पेन आणि ईसी मीटर: तीन वर्षं रोज वापरून लिहितेय

पाण्यात बुडवायचं ते पेनाएवढं यंत्र, ज्याला सगळे टीडीएस मीटर म्हणतात (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार), त्याचे रिव्ह्यू मी घ्यायच्या आधी खूप वाचले होते, पण जवळजवळ सगळे शहरातल्या लोकांचे होते, फिल्टरच्या नळाखाली धरलं, आकडा कमी आला, पाच स्टार. आमच्यासारख्या आडबाजूला, समुद्रापासून सव्वाशे पावलांवर, नळ नाही, विहिरीवरच सगळं, अशा ठिकाणी राहणाऱ्याला ते वापरून काय कळतं आणि काय कळत नाही हे कुणीच लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी लिहितेय. लांबलचक होणार आहे. या तीन वर्षांत माझ्याकडे दोन यंत्रं झाली, एक साधं टीडीएस पेन आणि नंतर घेतलेला, पाण्याची विद्युत वाहकता दाखवणारा ईसी मीटर, दोन्हीबद्दल सांगते. कंपन्यांची नावं देत नाही कारण आत तेच तेच असतं, बाहेरचं कव्हर बदलतं.

आधी आमची परिस्थिती सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. गाव लहान आहे, घरं विखुरलेली, गाडी दिवसातून एकदा येते आणि वादळवाऱ्यात तीही येत नाही. पाणी तपासणारी लॅब एवढी लांब आहे की सकाळी बाटली भरून निघालं तरी पोचेपर्यंत दिवस जातो, आणि जंतू तपासायचे असतील तर नमुना बर्फात ठेवून 24 तासांच्या आत पोचवावा लागतो, तो हिशोब इथे बसतच नाही. म्हणजे पाणी चांगलं आहे की नाही हे कुणी येऊन सांगणार नाही, आपलं आपल्यालाच बघावं लागतं. इथे राहायला आल्यावर पहिल्यांदा हेच अंगावर आलं, समुद्र सुंदर दिसतो वगैरे सगळं खरं आहे आणि मला तो आवडतोही, पण बघावं तिकडे पाणी असलेल्या या जागेत प्यायचं पाणी हीच सगळ्यात मोठी काळजी आहे.

माझं माहेर समुद्रापासून खूप आत, त्यामुळे पाणी मचूळ होणं म्हणजे काय हे मला लग्नाआधी माहीत नव्हतं. सासूबाईंना जिभेवर कळतं. उन्हाळा संपत आला की त्या पोहरा वर आला की ओंजळभर घेतात, थोडं तोंडात फिरवतात आणि म्हणतात, "अगं, पाणी फिरलं." एवढंच. मला काहीच लागायचं नाही, मला ते पाणी पाण्यासारखंच लागायचं, आणि मग आठ दहा दिवसांनी साबणाला फेस येईनासा झाला, भांड्याच्या तळाशी पांढरी साय धरायला लागली, कुंपणाच्या कडेच्या झाडांच्या पानांच्या कडा करपायला लागल्या की कळायचं की आई म्हणाल्या ते खरं होतं. ते आठ दहा दिवस मला आधी हवे होते. घरात तेव्हा लहान बाळ होतं आणि आईंना बीपीच्या गोळ्या चालू. म्हणून पेन मागवलं.

मागवलं म्हणजे काय, तर साइटवर आमच्या पत्त्याला "डिलिव्हरी उपलब्ध नाही" असंच येतं. मग बाजाराच्या गावात ओळखीच्या दुकानाचा पत्ता दिला, तिथून गाडीच्या ड्रायव्हरकडे, ड्रायव्हरकडून नाक्यावरच्या घरी, आणि तिथून आमच्याकडे, तेरा दिवसांनी हातात आलं. हे तक्रार म्हणून सांगत नाही, पण रिटर्नची मुदत सात दिवसांची होती हे लक्षात घ्या. वस्तू हातात यायच्या आधीच परत करायची मुदत संपलेली असते, आडगावी राहणाऱ्याने कुठलंही यंत्र घेताना हे गृहीत धरूनच घ्यावं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी पेलाभर पाणी घेतलं, पेन बुडवलं, आकडा आला 142. पुस्तिकेत लिहिलं होतं 300 च्या आत उत्तम. मी एवढी आनंदले की धावत जाऊन आईंना दाखवलं, बघा आई, पाणी एकदम छान आहे. त्यांनी पाणी तोंडात घेतलं आणि मान हलवली, म्हणाल्या, "यंत्र काय म्हणतंय ते मला माहीत नाही, पाणी फिरलंय." मी चार दिवस यंत्राचं ऐकलं. पाचव्या दिवशी बाळाला भरवायचं भांडं घासताना पेन उजेडात धरलं तेव्हा आकड्याच्या शेजारी, मुंगीएवढ्या अक्षरात, "×10" असं लुकलुकत होतं. म्हणजे 142 नाही, 1420.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगतेय कारण बाजारातल्या बऱ्याच स्वस्त पेनांना तीनच आकडे दाखवता येतात. 999 च्या वर गेलं की ते दहाने भागून दाखवतात आणि बाजूला बारीक ×10 लावतात. शहरात हे कधी दिसणारच नाही कारण तिथल्या नळाचं पाणी एवढं वर जात नाही. पण आमच्यासारख्या किनाऱ्यावरच्या विहिरीत नेमकं तिथेच जातं, म्हणजे ज्याला यंत्राची सगळ्यात जास्त गरज आहे त्यालाच यंत्र चुकीचं दिलासा देतं. माझ्या मते हा या वस्तूतला सगळ्यात गंभीर दोष आहे आणि मी याचा एक स्टार सरळ कापला. वयस्कर माणसाला ते अक्षर दिसूच शकत नाही. घ्यायचंच असेल तर चार आकडे पूर्ण दाखवणारं घ्या.

त्या दिवशी आईंच्या पाया पडले मी. आणि त्याच दिवसापासून वही सुरू केली.

आता आकड्यांबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं आहे की टीडीएस लिटरला साधारण 600 मिलीग्रॅमच्या खाली असेल तर पाणी चवीला चांगलं लागतं, 1000 च्या वर गेलं की पिववत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणजे 35,000. याचा अर्थ काढून बघा, शंभर लिटर गोड्या पाण्यात फक्त दोन लिटर समुद्र मिसळला की आकडा 700 ने वर जातो. दोन लिटर! शंभरात चार लिटर मिसळला तर ते पाणी संपलंच म्हणायचं. विहीर आणि समुद्र यांच्यातलं अंतर किती थोडं आहे हे मला या हिशोबाने पहिल्यांदा समजलं.

आणि पेन मुळात क्षार मोजतच नाही, हे मला सहा महिन्यांनी कळलं. ते पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतं, म्हणजे विद्युत वाहकता, तिलाच ईसी म्हणतात, आणि मग त्या आकड्याला एका ठरलेल्या गुणकाने गुणून टीडीएस म्हणून दाखवतं. काही कंपन्या 0.5 ने गुणतात, काही 0.7 ने. म्हणजे ईसी 2000 असलेलं एकच पाणी एका पेनावर 1000 दिसेल आणि दुसऱ्यावर 1400, आणि दोन्ही पेनं बरोबर असतील. आमच्या शेजारच्या काकांनी माझं बघून दुसऱ्या कंपनीचं पेन आणलं आणि दोघांचे आकडे जुळेनात म्हणून एक महिना आम्ही दोघं एकमेकांच्या पेनाला खोटं ठरवत होतो. त्यामुळे माझा सल्ला, वहीत नेहमी ईसी लिहा, मायक्रोसीमेन्समध्ये, टीडीएस नको. ईसी जगात कुठेही तोच.

यासाठीच मी दुसरं यंत्र घेतलं, ईसी मीटर. हा थोडा जाड असतो, पाण्यात पडला तरी चालणारा, आयपी67 म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहिला तरी आत पाणी जात नाही, आणि मुख्य म्हणजे दोन ठिकाणी कॅलिब्रेट करता येतो, म्हणजे ईसी आधीच माहीत असलेल्या द्रावणात बुडवून आकडा जुळवून घेता येतो, 1413 च्या द्रावणाने आणि 12,880 च्या द्रावणाने. ही द्रावणं छोट्या पुड्यांमध्ये मिळतात, एकदा फोडली की वापरून टाकून द्यायची, पुन्हा बाटलीत भरून ठेवायची नाहीत. पुडी संपली आणि नवीन यायला महिना लागणार असेल तर मी काय करते, मिठाचा अंदाज. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बरोबर एक ग्रॅम मीठ विरघळवलं तर 25 अंशांना ईसी साधारण 2000 येते. घरच्या काट्यावर एक ग्रॅम नीट मोजता येत नाही म्हणून मी दहा लिटरला दहा ग्रॅम घेते. याने कॅलिब्रेशन होत नाही, पण मीटर भलतीकडे गेलाय का एवढं कळतं. डिस्टिल्ड वॉटर गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळतं. तेही नसेल तर पावसाचं साठवलेलं पाणी, पण पहिल्या सरीचं नको.

पहिल्या सरीवरून आठवलं, ही गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगते. पहिल्या पावसात मी पत्र्यावरून येणारं पाणी पन्हाळीखाली पेल्यात धरलं आणि मोजलं, 610. पाच मिनिटांनी धरलं, 240. अर्ध्या तासाने 45. आभाळातून येणारं पाणी खारं नव्हतंच, पत्र्यावर आठ महिने बसलेला समुद्र धुऊन येत होता. वाऱ्याबरोबर येणारे ते बारीक तुषार, जे डोळ्याला दिसत नाहीत पण ज्यांच्यामुळे आमच्याकडे बिजागऱ्या, कड्या, सायकलच्या चेन, टीव्हीच्या मागची पिन, काहीच दोन वर्षं टिकत नाही, ते मला त्या दिवशी आकड्यात दिसले. तेव्हापासून पावसाचं पाणी टाकीत सोडायच्या आधी पहिला अर्धा तास आम्ही पन्हाळीचा पाइप बाहेर काढून ठेवतो, सासरे मोठ्याने विचारतात, "उतरला का गं आकडा?" आणि मी शंभरच्या खाली आला की हाक मारते, मग ते पाइप टाकीत घालतात.

आता वहीची गोष्ट. ही मला कुठल्याच पुस्तिकेत सापडली नसती. सुरुवातीला मी रोज सकाळी बरोबर सात वाजता मोजायचे, शिस्त म्हणून. दोन महिने झाल्यावर मी ते आकडे चौकटीच्या कागदावर मांडले तर सरळ रेघ यायच्या ऐवजी लाट आली. आकडा हळूहळू चढतो, मग उतरतो, पुन्हा चढतो, आणि एका चढापासून दुसऱ्या चढापर्यंत पंधरा दिवस. मला वाटलं मीटर बिघडला. पुन्हा कॅलिब्रेट केला, पुन्हा तीच लाट. तेव्हा शेजारच्या काकांना दाखवलं, ते आयुष्यभर होडीवर गेलेले, त्यांनी कागद हातात घेतला आणि लगेच म्हणाले, "सूनबाई, तू विहीर मोजली नाहीस, तू भरती मोजलीस."

मग समजावून सांगितलं त्यांनी. भरती रोज पन्नास मिनिटं उशिरा येते. म्हणजे आज सकाळी सातला ओहोटी असेल तर आठवड्याने सातला भरती असणार आणि पंधरा दिवसांनी सातला पुन्हा ओहोटी. मी घड्याळ धरून बसले होते आणि समुद्र आपल्या वेळेने चालला होता. त्यांनी मला विहिरीच्या आतल्या दगडावर खडूने एक रेघ मारून दाखवली, त्या दिवशी उधाण होतं, आणि भरती पूर्ण भरल्यावर दीडेक तासाने आम्ही वाकून बघितलं तर पाणी रेघेच्या चार बोटं वर आलेलं होतं. वारा नाही, कुणी पाणी ओतलं नाही, विहिरीतलं पाणी नुसतं शांतपणे वर आलं होतं, सव्वाशे पावलांवर समुद्र वर आला म्हणून. मला काटा आला अंगावर. कठड्याला धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे, इतकी वर्षं इथून पाणी ओढतेय आणि हे मला माहीतच नव्हतं.

तेव्हापासून मी घड्याळ सोडलं, ओहोटी संपता संपता मोजते. आणि आता आकडा खरंच विहिरीचा येतो. किनाऱ्यालगत राहणाऱ्या कुणी हे यंत्र घेतलं असेल तर कृपा करून हे लक्षात ठेवा, भरतीच्या कुठल्या वेळी मोजलं हे लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. दुसऱ्या वेळी मोजलं तर नुसतं घाबरायला होतं किंवा नुसतं निर्धास्त.

खाली काय चालतं तेही नंतर वाचलं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, गोड्याचं वजन 1000 धरलं तर समुद्राचं 1025. म्हणून किनाऱ्याखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, भिंगासारखं. बादोन खायबेन नावाच्या डच इंजिनियरने 1880 च्या दशकाच्या शेवटी आणि हर्झबर्ग या जर्मन माणसाने 1901 मध्ये याचा हिशोब मांडला, दोघांचं नाव त्या नियमाला आहे. हिशोब असा, जमिनीतलं गोडं पाणी समुद्राच्या पातळीपेक्षा जेवढं वर असेल त्याच्या चाळीस पट खाली गोडं पाणी असतं. एक मीटर वर, चाळीस मीटर खाली. आणि उलटंही तेवढंच खरं, म्हणजे तुम्ही उपसा करून पाण्याची पातळी वीतभर खाली नेलीत की खालून खारं पाणी काही मीटर वर सरकायला बघतं. लगेच नाही सरकत, वेळ लागतो, पण एकदा वर आलं की परत जायला त्याहून जास्त वेळ लागतो.

हे वाचलं तेव्हा मला बाबांची आठवण झाली. माझे बाबा आले होते एकदा, विहीर बघून म्हणाले, "एवढीशी विहीर? बोअर मारा, खोल जा, पाणीच पाणी लागेल." ते चुकीचं नव्हते बोलत, माहेरी तसंच आहे, खोल गेलं की पाणी. पण इथे खोल म्हणजे समुद्र. वरच्या अंगाला एका घराने खरंच बोअर मारली, बाहेरगावच्या माणसांनी येऊन मारून दिली, पहिलं वर्ष गोडं पाणी धो धो, दुसऱ्या वर्षी मचूळ, तिसऱ्या वर्षी मी मीटर घेऊन गेले तर 6800. आता तिच्यावर झाकण आहे. आणि जुनी माणसं विहिरी उथळ का खणत, पसरट का ठेवत, हे मला त्या दिवशी समजलं. त्यांच्याकडे मीटर नव्हता पण नियम तोच होता.

आम्ही काय बदललं तर मोटर. आधी सकाळी एकदाच तासभर मोटर लावून टाकी भरायचो. आता दहा दहा मिनिटं, दिवसातून तीन चार वेळा, आणि उन्हाळ्याच्या शेवटी तर दहाच्या जागी सहा. मोटरचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपचं पाणी ओढणारं खालचं टोक, तोही तळापासून वर उचलून बांधला, आता पाण्याच्या वरच्या थरातून ओढतो. एवढ्या दोन गोष्टींनी पहिल्या वर्षी उन्हाळाअखेर ईसी 2100 गेली होती ती तिसऱ्या वर्षी 1450 वर थांबली. पाऊस दोन्ही वर्षी सारखा नव्हता त्यामुळे सगळं श्रेय मोटरला देत नाही, पण फरक आहे, आणि तो मला दिसतो कारण वही आहे.

आईंच्या बीपीचं पण सांगायला हवं. डॉक्टर मीठ कमी करा म्हणायचे, आम्ही ताटातलं मीठ कमी केलं, पण पाण्यातलं कुणी धरलंच नव्हतं. पावसाळ्यात आमची ईसी 800 असते आणि उन्हाळ्यात 2000, म्हणजे 1200 ची वाढ, ती सगळी समुद्राची धरली तर लिटरमागे साधारण 200 मिलीग्रॅम सोडियम जास्त. दिवसाला तीन लिटर पाणी म्हणजे 600. दिवसभरात सगळं मिळून 2000 मिलीग्रॅमच्या आत सोडियम हवं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यातला तिसरा भाग नुसत्या पाण्यातून. बांगलादेशच्या किनाऱ्यावर गरोदर बायकांमधल्या वाढलेल्या बीपीचा आणि खाऱ्या पिण्याच्या पाण्याचा संबंध संशोधकांनी दाखवलाय, ते वाचून तर मला रात्री झोप लागली नाही, बाळाच्या वेळी मी हेच पाणी प्यायले होते. डॉक्टरांना फोनवर आकडे सांगितले, त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि आईंसाठी उन्हाळ्यात साठवलेलं पावसाचं पाणीच वापरा म्हणाले. आता ईसी 1200 च्या वर गेली की आईंचं आणि मुलाचं पिण्याचं पाणी वेगळ्या टाकीतून. या एका निर्णयासाठी सुद्धा मला हे यंत्र वसूल झालं असं वाटतं.

एक रात्र अशीही आली की उधाण आणि वादळ एकत्र आलं आणि लाटेचं पाणी अंगणातून विहिरीत उतरलं. सकाळी ईसी 11,300. साध्या पेनाने हातच टेकले, त्याची मर्यादा संपली, ईसी मीटरने दाखवलं. सगळ्यांचं म्हणणं, दोन मोटर लावू आणि विहीर पूर्ण उपसून काढू. मीही तेच म्हटलं असतं. पण 2004 च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत लोकांनी विहिरी अशाच पुन्हा पुन्हा उपसल्या आणि काही ठिकाणी त्याने खालचं खारं पाणी आणखी वर ओढलं गेलं, विहीर सुधारायला उलट उशीर लागला, हे मी वाचलेलं होतं. म्हणून आम्ही गाळ आणि वरचा कचरा काढला, थोडंसं पाणी काढलं, आणि मग थांबलो. थांबणं फार अवघड गेलं. रोज जाऊन मोजायचं आणि आकडा ढिम्म हलत नाही, 9000, 8900, 8900. त्या महिन्यांमध्ये वरच्या अंगाच्या विहिरीवरून हंडे आणले, आईंनी या वयात एकदाही तक्रार केली नाही. पाऊस आला तसा आकडा उतरायला लागला, पहिला पावसाळा संपताना 3100, आणि दुसऱ्या पावसाळ्यात 1000 च्या खाली. ज्या दिवशी 980 आलं त्या दिवशी मी वहीत तारखेखाली फक्त "आलं" एवढंच लिहिलंय.

आता हे यंत्र काय सांगत नाही ते, आणि हे कृपया वाचल्याशिवाय घेऊ नका. जंतू सांगत नाही. आकडा 150 असलेल्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात कॉलरा असू शकतो. खत, कीटकनाशक, आर्सेनिक, यातलं काहीही वेगळं सांगत नाही. आकडा कमी म्हणजे पाणी सुरक्षित असं दाखवून फिल्टर विकणारे फिरतात, ते खरं नाही, आकडा फक्त क्षारांचा आहे. आम्ही पिण्याचं पाणी उकळतोच. आणि उकळून खारेपणा जात नाही, उलट पाणी आटतं तेवढा वाढतो, मोजून बघा. यूव्ही किंवा कँडलच्या फिल्टरनेही खारेपणा जात नाही. तो आरओने जातो, पण त्याला सतत दाब आणि वीज लागते, आमच्याकडे वाऱ्याच्या दिवसांत लाइट तीन तीन दिवस नसते. मीटरला बटन सेल पुरतात, म्हणूनच तो इथे कामाचा.

देखभालीचं पटकन सांगते. वापरल्यावर टोकाच्या दोन पिना गोड्या पाण्याने धुवायच्या आणि झटकून कोरड्या करायच्या, कपड्याने घासायच्या नाहीत. बुडवल्यावर हलकेच पेल्यावर टिचकी मारायची, पिनांच्या मध्ये हवेचा बुडबुडा अडकला तर आकडा कमी येतो. उन्हात तापलेल्या टाकीचं पाणी लगेच मोजू नका, तापमान एका अंशाने वाढलं की वाहकता साधारण दोन टक्के वाढते, मीटर ते आपोआप जुळवून घेतो पण त्याला मिनिटभर द्यावं लागतं. माझं पहिलं पेन दीड वर्षात गेलं, पिना चांगल्या होत्या, सेलच्या खालची स्प्रिंग गंजून हिरवी होऊन तुटली. कंपनीला फोटो पाठवले तर उत्तर आलं की ओलाव्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. पाण्यात बुडवायच्या यंत्राला ओलाव्याची वॉरंटी नाही, हे मला पटलेलं नाही आणि मी त्यांना तसं लिहूनही कळवलं, पुढे उत्तर नाही. दुसऱ्या मीटरचं झाकण रबरी कडीचं आहे, त्या कडीला मी दर दोन महिन्यांनी व्हॅसलीन लावते आणि यंत्र सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते, दीड वर्ष झालं, अजून लख्ख आहे. सेलचे दोन जादा जोड त्याच डब्यात असू द्या.

तर साध्या पेनाला माझ्याकडून दोन स्टार, ते ×10 आणि ती स्प्रिंग यामुळे. ईसी मीटरला साडेचार. अर्धा यासाठी कापला की पुड्यांशिवाय त्याचं चालत नाही आणि पुड्या इथपर्यंत पोचायला महिना लागतो.

जुन्या पेनाची स्प्रिंग काकांनी तांब्याची तार वळवून बसवून दिली आणि ते आता त्यांच्या नातीकडे आहे. ती तिच्या घरच्या विहिरीची वही ठेवते, ओहोटी बघून, पेनाचा आकडा ईसीत करून, ×10 च्या पुढे लाल पेनने गोल करून. काल संध्याकाळी ती कठड्यावरून ओरडली, "काकू, आमची 920, तुमची किती?" आमची 940 होती. आईंनी तेवढ्यात ओंजळ तोंडाला लावली होती, त्या म्हणाल्या, "गोडं आहे अजून."